दुर्लौकिकाचें वैभव

कुस्ती म्हटली कीं महाराष्ट्रीय माणसाच्या डोळ्यांपुढें लाल मातीचा हौदा उभा राहतो. शड्डूचा आवाज, सलामीचा हात, बराच वेळ चाललेली खडाखडी आणि शेवटीं एकाची पाठ मातीला लागतांच उठणारा जयघोष, हें सारें त्याच्या ओळखीचें असतें. त्या हौद्यांत सज्जन मल्ल आणि दुर्जन मल्ल असा भेद नसतो. ज्याचा डाव सरस, त्याचा मान मोठा. परंतु गेल्या शतकांत अमेरिकेमध्यें कुस्तीची एक निराळीच शाखा वाढीस लागली. तेथें कुस्ती कोण जिंकणार हें आधींच ठरलेलें असे, आणि प्रेक्षक पैसे मोजून येत ते पुष्कळदां एका माणसाचा मनसोक्त तिरस्कार करण्यासाठीं. या तिरस्काराची किंमत ज्यानें बरोबर ओळखली आणि ती पुरेपूर वसूल केली, त्याचें नांव जॉर्ज वॅग्नर. जग त्याला 'गॉर्जस जॉर्ज', म्हणजे 'देखणा जॉर्ज', या नांवानें ओळखतें.

ही शाखा कशी उत्पन्न झाली, हें आधीं पाहिलें पाहिजे. खऱ्या कुस्तीला एक व्यावहारिक अडचण होती. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांस चुकवीत राहिले, तर तासन् तास कांहींच घडत नसे. १९१० सालीं लंडनमध्यें हिंदुस्थानच्या गामा पहिलवानाची पोलंडच्या झ्बिस्कोशीं कुस्ती झाली, तेव्हां झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथा पडून राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. १९१६ सालीं अमेरिकेंतील ओमाहा शहरांत एड ल्युइस आणि जो स्टेचर हे जवळजवळ पांच तास झुंजले, तरीही निकाल लागला नाहीं. अशा कुस्तीला एकदां तिकीट काढून आलेला माणूस पुन्हां येईना. म्हणून १९२० नंतरच्या दशकांत ल्युइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटानें कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उड्या व आदळआपट यांची भर घातली आणि जय कोणाचा व्हावा हें कचेरींत बसून ठरविण्याचा प्रघात पक्का केला.

या ठरवाठरवींतूनही खरी कुस्ती मधूनच डोकें वर काढी. १९२५ सालीं वेन मन नांवाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला, तो कुस्तींत कच्चा असूनही, केवळ त्याच्या अंगलोटासाठीं जगज्जेता म्हणून मिरविण्यांत येत होतें. त्याच्यापुढें हरण्याकरितां उभा केलेला तोच झ्बिस्को ऐन वेळीं ठरलेली गोष्ट विसरला आणि त्यानें मनला खरोखरीच चीत केलें. तीन वर्षांनीं, १९२८ सालीं, हाच झ्बिस्को पतियाळा येथें गामापुढें एक मिनिटही टिकला नाहीं. एवढ्यावरून दोन जगांतील अंतर ध्यानांत यावें. अमेरिकेंतील कुस्तीचे चालक मात्र यापुढें अधिक सावध झाले. त्यांना आतां मल्लांइतकीच पात्रें हवीं होतीं. एक पात्र लोकांनीं डोक्यावर घ्यावें असें, आणि दुसरें लोकांनीं दांतओंठ खावे असें. हें दुसरें पात्र बहुधा एखादा राक्षसी देहाचा माणूस किंवा कोणी परदेशी असे. जॉर्ज वॅग्नरनें तिसरीच वाट काढली.

जॉर्जचा जन्म २४ मार्च १९१५ रोजीं नेब्रास्का संस्थानांतील ब्यूट या लहानशा गांवीं झाला. घरची गरिबी. फिरत फिरत हें कुटुंब अखेर टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहरांत, कष्टकऱ्यांच्या वस्तींत, स्थिरावलें. चौदाव्या वर्षीं जॉर्जची शाळा सुटली आणि मिळेल तें काम करून घराला हातभार लावण्याची पाळी त्याच्यावर आली. वाय. एम. सी. ए.च्या व्यायामशाळेंत तो कुस्ती शिकला. जत्रांमधून कुस्त्या लावल्या जात; तेथें जिंकणाऱ्यास कांहीं सेंट मिळत. तेवढ्यासाठींही तो रिंगणांत उतरे. पुढें तो धंदेवाईक मल्ल झाला. डावपेंच त्याला उत्तम येत, शरीर चपळ होतें. परंतु उंची पावणेसहा फूट, आणि चेहरामोहरा चारचौघांसारखा. सहा-सहा फुटी पहिलवानांच्या गर्दींत त्याच्याकडे कोणी वळून पाहत नसे. १९३८ च्या सुमारास वायव्य भागांतील मध्यम वजनाच्या गटाचें विजेतेपद त्याला मिळालें, तरी नांव कांहीं झालें नाहीं. प्रामाणिक कारागिराची जी गत सर्वत्र होते, तीच त्याची होत होती.

१९३९ सालीं ऑरेगन संस्थानांतील युजीन या गांवीं बेटी हॅन्सन नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला, आणि तोही कुस्तीच्या रिंगणांत, प्रेक्षकांच्या साक्षीनें. ही कल्पना लोकांना इतकी आवडली कीं, पुढें निरनिराळ्या गांवीं हाच विवाह पुन्हां पुन्हां लावून दाखविण्यांत आला! कुस्तीपेक्षां कुस्तीच्या भोंवतालचा थाट अधिक पैसे देतो, हा पहिला धडा जॉर्जला स्वतःच्या लग्नांत मिळाला.

दुसरा धडा एका झग्यानें दिला. बेटी शिवणकामांत हुशार होती. तिनें नवऱ्यासाठीं एक सुरेख झगा शिवून दिला. कुस्तीपूर्वीं तो उतरून जॉर्ज त्याची नीट घडी घालूं लागला. त्यांत वेळ जाऊं लागला. प्रतिस्पर्धी ताटकळला आणि प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली, असें सांगतात. दुसऱ्या एखाद्या मल्लानें खजील होऊन झगा भिरकावून दिला असता. जॉर्जनें पुढच्या खेपेस घडी घालण्यास आणखी वेळ लावला. याच सुमारास 'लॉर्ड पॅट्रिक लॅन्सडाउन' हें नांव धारण करून, मखमली वस्त्रें घालून व दोन नोकर बरोबर घेऊन रिंगणांत येणाऱ्या एका मल्लाची वार्ता त्याच्या वाचनांत आली होती. हा 'लॉर्ड' मूळचा ओहायो संस्थानांतला साधा अमेरिकन. सरदाराचें सोंग जर चालतें, तर त्याहूनही असह्य असें सोंग कां चालूं नये, असा विचार जॉर्जनें केला. १९४१ सालीं युजीन येथेंच त्यानें आपला नवा अवतार प्रथम लोकांपुढें आणला.

तो अवतार पुढें पांचसहा वर्षांत पूर्णत्वास गेला. जॉर्जनें केस वाढविले, ते रुपेरी सोनेरी रंगवून घेतले आणि हॉलिवुडच्या केशभूषाकारांकडून त्यांना कुरळें वळण देवविलें. त्याच्या प्रवेशाचा सोहळा कुस्तीहूनही लांबे. सभागृहांतील दिवे मंद होत. जांभळा झोत प्रवेशद्वारावर पडे. इंग्लंडच्या एल्गर या संगीतकाराची एक राजेशाही चाल वाजूं लागे. आधीं काळ्या पोषाखांतला एक हुजऱ्या येई. त्याच्या हातांत चांदीचा आरसा असे. तो वाटेवर गुलाबाच्या पाकळ्या पसरी आणि फवाऱ्यानें रिंगणाचा कोपरान् कोपरा अत्तर शिंपडून शुद्ध करी. मग रेशमी झगा सांवरीत, नाक उडवीत, स्वतः जॉर्ज प्रकट होई. केसांतील सोनेरी मुलाम्याचे आकडे काढून तो कृपाप्रसादासारखे प्रेक्षकांत वांटी. पंच नियमाप्रमाणें त्याचें अंग तपासावयास पुढें आला, तर त्याचे मळके हात आपल्याला लागूं नयेत म्हणून तो कांगावा करी; हुजऱ्या मग पंचाच्या हातांवरही अत्तर मारी!

इतकें झालें कीं सभागृह पेटून उठे. यामागचें मर्म समजण्यास त्या प्रेक्षकांकडे पाहिलें पाहिजे. हे लोक १९२९ नंतरच्या मंदींतून होरपळून निघालेले, लगेच महायुद्धाला सामोरे गेलेले. दिवसभर कारखान्यांत, गोदींत, शेतांत राबून ते सायंकाळीं येत. पुरुषानें कमी बोलावें, कष्ट करावे, मार खावा व द्यावा, नटणेंमुरडणें करूं नये, ही त्यांची पुरुषार्थाची कल्पना. त्यांच्यापुढें हा रेशमांत गुंडाळलेला, स्वतःवरच लुब्ध झालेला माणूस येई आणि तुमच्या वाऱ्यानेंही मला विटाळ होतो, असें आपल्या प्रत्येक हालचालींतून सुचवी. क्रूर खलपुरुषाची लोकांना भीति वाटते. परंतु गर्विष्ठ खलपुरुषाचा त्यांना अपमान वाटतो. भीतीपोटीं माणूस घरीं बसेल. अपमानाचा बदला पाहण्यासाठीं तो तिकीट काढून येईल. हा सूक्ष्म भेद जॉर्जला कळला होता, आणि हेंच त्याचें खरें भांडवल.

कुस्ती सुरू झाल्यावरही तें पात्र ढळत नसे. प्रतिस्पर्धी अंगावर आला कीं जॉर्ज दोरांकडे पळे. त्याची पाठ वळली कीं मागून घाव घाली. पंचाची नजर चुकवून डोळ्यांत बोटें घाली, केस ओढी. आणि आपल्या केसांना कोणी हात लावला तर आकाशपाताळ एक करी. मात्र हें भित्रेपण वठविण्यास भित्रा माणूस उपयोगी पडत नाहीं. योग्य क्षणीं पडणें, आदळतांना समोरच्याला इजा होऊं न देणें, त्याचा प्रत्येक ठोसा प्राणघातक वाटेल असा झेलणें, यासाठीं कसलेला मल्लच लागतो. समोरचा वीर भासावा ही सगळी मेहनत खलपुरुषाची असते. जत्रांमधून शिकलेली विद्या जॉर्जला येथें कामी आली. फरक एवढाच कीं, आतां ती विद्या लोकांना दिसत नव्हती.

अशा वेळीं दैवानें त्याच्यापुढें टेलिव्हिजन आणून ठेविला. ११ नोव्हेंबर १९४७ रोजीं जॉर्ज प्रथम टेलिव्हिजनवर दिसला. हें यंत्र त्या वेळीं बाल्यावस्थेंत होतें. कॅमेरे बोजड, पडदा चिमुकला. विस्तीर्ण मैदानांवरचे खेळ त्यांत नीट सामावत नसत. कुस्तीचें रिंगण मात्र सुमारें वीस फूट औरसचौरस, वर झगझगीत दिवे, आणि माणसें दोन किंवा तीन. एकदोन कॅमेऱ्यांत सारें भागे, खर्चही थोडा. त्यामुळें नव्या केंद्रांनीं आठवड्यांतील कित्येक रात्रीं कुस्त्यांनीं भरून काढल्या. १९५० सालीं अमेरिकेंत शंभर घरांपैकीं अवघ्या नऊ घरांत टेलिव्हिजन होता. परंतु अशा एका घरांत सारी आळी जमे. यापूर्वीं ज्यांनीं कुस्तीच्या अड्ड्यांत कधीं पाऊल टाकलें नव्हतें, अशा गृहिणी आणि आजीबाईसुद्धां आतां जॉर्जवर तोंडसुख घेऊं लागल्या. पडदा कृष्णधवल होता. तरी त्या रुपेरी केसांची ओळख कोणालाही दुरून पटे.

कीर्ति वाढली तसा मानही चालून आला. २२ फेब्रुवारी १९४९ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हां कुस्ती झाली, ती जॉर्जच्या नांवावर. १९५० च्या मे महिन्यांत शिकागो येथें त्यानें डॉन ईगल या मोहॉक जमातीच्या लोकप्रिय मल्लाकडून जगज्जेतेपद घेतलें. पंचानें आंकडे भराभर मोजून ईगलला वादग्रस्त रीतीनें बाद ठरविलें, आणि खलपुरुषाला शोभेल असाच तो विजय झाला. दोनच महिन्यांनीं लू थेझ या पट्टीच्या मल्लानें शिकागो येथेंच त्याला हरविलें. पण त्यानें जॉर्जचें कांहीं अडलें नाहीं. जिंकणें ही त्याची गरजच नव्हती. लोक त्याच्या पराभवाचे गिऱ्हाईक होते. वर्षाला एक लाख डॉलरांच्या घरांत त्याची मिळकत गेली, असें सांगतात. बेसबॉलचा अग्रगण्य खेळाडू जो डिमॅजिओ याची कमाई त्या काळीं तेवढीच होती. कॅलिफोर्नियांत बोमाँट येथें जॉर्जनें टर्की पक्ष्यांची मोठी शेती केली, आणि पुढें व्हॅन नाइस येथें स्वतःच्या नांवाचें उपाहारगृह काढलें.

परंतु सोंगाचा एक नियम आहे. नटाचें सोंग पडदा पडतांच उतरतें. या धंद्यांतील सोंगाला पडदाच नव्हता. कुस्त्या ठरलेल्या असतात हें गुपित त्या काळीं कसोशीनें जपलें जाई. म्हणून रस्त्यानें चालतांना, हॉटेलांत उतरतांना, वार्ताहरांशीं बोलतांना जॉर्जला देखणा जॉर्जच राहावें लागे. ह्यूस्टनच्या वस्तींत वाढलेला कष्टाळू मुलगा हळूहळू त्या कुरळ्या केसांखालीं दिसेनासा झाला. जिनें पहिला झगा शिवला, ती बेटी त्याच्यापासून विभक्त झाली. १९५१ सालीं त्यानें दुसरा विवाह केला. तोही पुढें मोडला. प्रवास, जागरणें आणि त्यांना विसरण्यासाठीं मद्य. मद्यानें यकृत पोखरलें. दरम्यान टेलिव्हिजन घरोघरीं पोंचला होता, आणि लोकांना नवीं नवीं कौतुकें मिळालीं होतीं. रोज दिसणाऱ्या गर्वाचा राग येत नाहीं. नंतर तर त्याचें हंसूंही येत नाहीं.

तेव्हां जॉर्जनें आपल्याजवळचा शेवटचा दागिना पणाला लावला. १२ मार्च १९५९ रोजीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं 'व्हिपर' बिली वॉटसन या मल्लाशीं त्याची कुस्ती ठरली. जॉर्ज हरला तर त्याचे केस कापावयाचे, असा पण होता. जॉर्ज हरला. मेपल लीफ गार्डन्समधील हजारों लोकांच्या व टेलिव्हिजनच्या साक्षीनें त्याचें मस्तक भादरलें गेलें. वर्षानुवर्षें लोकांनीं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो त्यांना मिळाला; परंतु जो क्षण टळत राहावा यावरच सारा धंदा उभा होता, तोही त्याबरोबर संपला. ७ नोव्हेंबर १९६२ रोजीं लॉस एंजेलिस येथें 'डिस्ट्रॉयर' या मुखवटाधारी मल्लापुढें त्यानें अशीच आणखी एक बाजी लावली, आणि पुन्हां केस गमावले. ती त्याची अखेरची कुस्ती ठरली. २६ डिसेंबर १९६३ रोजीं हृदयविकारानें त्याचें निधन झालें. वय अवघें अठ्ठेचाळीस. संपत्तीपैकीं फारसें कांहीं उरलें नव्हतें.

तरीही त्याची विद्या वायां गेली नाहीं. १९६१ च्या जूनमध्यें लास व्हेगास शहरीं एक एकोणीस वर्षांचा मुष्टियोद्धा आपल्या सामन्यासाठीं आला होता. नभोवाणीवरील एका मुलाखतींत त्याची व जॉर्जची गांठ पडली. प्रतिस्पर्ध्याविषयीं तो तरुण बेतानें बोलला. जॉर्जनें मात्र स्वतःच्या देखणेपणाचा आणि पराक्रमाचा असा कांहीं डांगोरा पिटला कीं तरुण थक्क झाला. जॉर्जची कुस्ती पाहावयास गेल्यावर त्याला दिसलें कीं, सभागृह तुडुंब भरलें आहे आणि त्यांतला बहुतेक प्रत्येकजण जॉर्ज कधीं मार खातो याची वाट पाहत आहे. जॉर्जनें त्याला सल्ला दिला तोही हाच: बढाई मारीत राहा, तुझें तोंड बंद झालेलें पाहण्यासाठीं लोक पैसे देतील. तो तरुण म्हणजे कॅशियस क्ले, पुढचा महंमद अली. अलीनें ही कथा पुढें स्वतः अनेकदां सांगितली. मात्र त्याच्या बढाईमागें खरी झुंज होती. जॉर्जचें सोंग अलीच्या तोंडीं सत्य होऊन बसलें. बॉब डिलन या प्रख्यात कवि-गायकानेंही आपल्या २००४ सालच्या आत्मकथनांत लहानपणीं झालेल्या जॉर्जच्या ओझरत्या दर्शनाची आठवण कृतज्ञतेनें नोंदविली आहे.

आतां प्रश्न उरतो तो न्यायाचा. या माणसानें लोकांना फसविलें काय? १९८९ सालीं न्यू जर्सी संस्थानच्या विधिमंडळापुढें कुस्तीच्या चालकांनींच हा खेळ म्हणजे करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे, असें मान्य केलें. त्यानंतरही प्रेक्षक कमी झाले नाहींत. आणि २०१० सालीं याच धंद्यानें आपल्या मानकऱ्यांच्या मालिकेंत जॉर्जची प्रतिष्ठापना केली. यावरून असें दिसतें कीं, प्रेक्षकाला निकालाच्या खरेपणाहून आपल्या रागाचा खरेपणा महत्त्वाचा वाटत होता. दिवसभर ज्या वरिष्ठांपुढें, सावकारांपुढें, ज्या श्रीमंतीपुढें त्याला मान खालीं घालावी लागे, त्या सर्वांना तो सायंकाळीं एका रेशमी झग्यांत पाही आणि कंठ फुटेपर्यंत त्यांना शिव्या घाली. घरीं परततांना त्याचें मन हलकें झालेलें असे.

रावणाचें काम करणाऱ्या नटाला गांवची पोरें दगड मारतात, आणि ते दगड हीच त्याची बिदागी, असें जुने लोक म्हणत. पण तो रावण दुसऱ्या दिवशीं मुकुट उतरवून शेतावर जातो. जॉर्ज वॅग्नरला आपला मुकुट कधीं उतरतां आला नाहीं. लोकांचा राग विकत घेऊन त्यानें त्यांना समाधान विकलें, हा व्यवहार त्यानें चोख केला. त्यांत तोटा आला असेल तर तो एकट्याच्या वांट्याला आला. गर्वाचें घर खालीं होतांना पाहण्यास लोक नेहमींच जमतात. तें घर पडतांना आंत कोणी माणूस राहत होता काय, हें पाहण्यास सहसा कोणी थांबत नाहीं.